माहेरची वाट

सन १९८६. आपल्याकडे ऐन दिवाळीचे दिवस. नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या वखारीला आग लागली. आत कीटकनाशकांचे साठे होते. बंबांनी आग विझविली खरी, पण ते विषारी पाणी सरळ र्‍हाईन नदीत गेले. नदी तांबडी झाली आणि वाम मासे मेले, ते दीड लाखाच्या घरात.

पण वाचकहो, र्‍हाईनचे दुखणे त्या एका रात्रीचे नव्हे. जर्मनीतल्या बाडेन संस्थानचा इंजिनियर योहान टुल्ला याने १८१७ पासून तिची वळणे कापायला घेतली. पुरात गावे बुडत, दलदलीमुळे हिवताप पसरे. तेव्हा त्याला दुष्ट ठरविणे बरे नव्हे. बाझेलपासून वर्म्सपर्यंत नदी सुमारे ८१ किलोमीटरांनी आखूड झाली! मागाहून धरणे आली, कारखाने आले, शहरांचे सांडपाणी आले.

या सार्‍याची झळ लागली साल्मन माशाला. तो वरच्या ओढ्यांत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा जन्मगावी परततो. पहिलटकरणीने बाळंतपणाला माहेरी यावे, तसाच. विसाव्या शतकाच्या मध्यास तो र्‍हाईनमधून नाहीसाच झाला.

आगीनंतर, १९८७ साली, काठच्या देशांच्या मंत्र्यांनी ठरविले : २००० पर्यंत साल्मन परत आला पाहिजे. नदीची प्रकृती माशालाच विचारायची, ही कल्पना मला फार आवडते. सांडपाणी शुद्ध होऊ लागले, ओढ्यांत साल्मनची पिले सोडली, आणि १९९० मध्ये झीग या उपनदीत तो पुन्हा दिसला. इफेत्सहाइमच्या धरणाला २००० साली, गाम्ब्सहाइमला २००६ साली माशांसाठी जिन्यासारखी जलवाट बांधली. कुंडामागून कुंड ओलांडीत मासा वर चढतो.

पाणी निवळायला तुलनेने थोडी वर्षे लागली. वाट मोकळी व्हायला फार. बाझेलपर्यंत साल्मन पोहोचविण्याचा २०२० चा वायदा टळला. युरोपीय पर्यावरण संस्थेच्या २०१८ च्या अहवालात तिकडच्या नद्या, सरोवरे आणि किनारपाणी यांपैकी शेकडा चाळीसच जीवसृष्टीच्या दृष्टीने चांगली ठरली. तिथे मासे, किडे, वनस्पती, पात्राची ठेवण, सारे तपासतात. २०२४ च्या कायद्याने २०३० पर्यंत २५,००० किलोमीटर नद्या पुन्हा मोकळ्या वाहत्या करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, “गुरुजी, वाट बंद दिसली की मासा परत फिरतो का हो?”

“लगेच नाही रे,” मी म्हणालो. “भिंतीच्या पायथ्याशी घुटमळत राहतो.”