जादा नकाशांची पाठवणी

ग्रंथालयातील दुबार ग्रंथ अन्य संस्थेस देणे ही रूढ गोष्ट आहे. नकाशांच्या बाबतीत मात्र ‘जादा’ कशास म्हणावे, हाच पहिला प्रश्न होय. सुरतेहून खानदेशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील चलथाण या गावाचे उदाहरण घेतले असता तो स्पष्ट होईल.

चलथाण आज पलसाणा तालुक्यात आहे. या टापूत इंग्रजी मुलूख आणि बडोदे संस्थान यांच्या सीमा एकमेकींत गुंतलेल्या होत्या. सुरत व बारडोली इंग्रजांकडे, तर पलसाणा, कामरेज व नवसारी गायकवाडांकडे. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले, १ मे १९६० रोजी हा प्रदेश गुजरातेत गेला. पुढे १९६४ साली वलसाड आणि २००७ साली तापी हे जिल्हे सुरतेतून वेगळे झाले. प्रत्येक फेरबदलाबरोबर कोठल्या ना कोठल्या कपाटातील नकाशे ‘निरुपयोगी’ ठरण्याचा संभव निर्माण झाला.

त्यात मोजमापाच्या बदलाची भर पडली. १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारल्यावर एका इंचास एक मैल या प्रमाणावरील पत्रकांची जागा १ : ५०,००० या प्रमाणावरील पत्रकांनी घेतली. परंतु उकाईचे धरण १९७२ साली पुरे होण्यापूर्वी तापीच्या काठी कोणती गावे होती, हे ज्या पत्रकात पाहावयाचे, ते नेमके जुनेच पत्रक! नवे आले म्हणून जुने जादा होत नाही. विस्थापित गावाचे मूळ ठिकाण सांगणारा तो एक साक्षीदार असतो.

संग्रहास नवे घर देण्याची परंपरा आपल्याकडेही आहे. मुंबईची जिऑग्राफिकल सोसायटी १८७३ साली एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत विलीन झाली. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या नकाशा विभागाने आपल्या जादा प्रती अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांस वाटल्या. तेथील अभ्यासकांना त्यामुळे दूरदेशींचे नकाशे घरबसल्या मिळाले.

पाठवणीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. दोन पत्रकांचा क्रमांक एक असला तरी आवृत्तीचे वर्ष, सुधारणा व हाताने केलेल्या नोंदी ताडून पाहिल्याशिवाय त्यांस दुबार मानू नये. दुसरे असे की, संच फोडू नये. चलथाण ‘४६ सी’ या पत्रकाच्या पूर्व कडेशी आहे; जवळचीच बारडोली मात्र ‘४६ जी’ मध्ये पडते. एक पत्रक एकीकडे व दुसरे दुसरीकडे गेल्यास एकाच शिवाराचे दोन तुकडे होतात.

यानंतरही प्रत खरोखरच उरली, तर ती प्रथम त्याच भूमीतील शाळेस वा ग्रंथालयास द्यावी, आणि कोठे दिली याची नोंद मूळ संस्थेने ठेवावी. पुण्यामुंबईच्या कपाटात जी चौथी प्रत असेल, ती चलथाणच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने पहिलीच असेल. जादा आणि दुर्मीळ हे शब्द वस्तूचे नव्हेत, स्थळाचे आहेत.