केसांची रेषा आणि इतिहासाचा पुरावा : अजिंठ्याच्या भिंतीपासून फोटोशॉपपर्यंत

१/ आर्णी. यवतमाळ जिल्ह्यातील अरुणावतीकाठचे, बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यामुळे परिचित असलेले गाव. अशा तालुक्याच्या गावी झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि फ्लेक्सची कामे करणाऱ्या दुकानांत एक काम नेहमी येते : घरातील दिवंगत माणसाचा डागाळलेला जुना फोटो मोठा करून भिंतीवर लावण्याजोगा करून देणे. अशा फोटोत डोळे, नाक, ओठ बहुधा ओळखू येतात. केस मात्र मागच्या पडद्यात विरघळून गेलेले असतात. ते संगणकावर नव्याने रंगवावे लागतात. या कामामागे दीड हजार वर्षांची परंपरा आहे. #थ्रेड

२/ आर्णीच्या पश्चिमेस वाशिम, म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या या शाखेतील राजा हरिषेण याच्या काळात, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याच्या लेण्यांचा मोठा भाग कोरला आणि रंगवला गेला. त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख लेणे क्र. १६ मध्ये आजही आहे. वऱ्हाडच्या भूमीतील राज्यकर्त्यांनी पोसलेली ही चित्रकला मानवी केसांच्या चित्रणाचा एक समृद्ध संग्रह ठरली.

३/ लेणे क्र. १ मधील पद्मपाणीच्या खांद्यावर उतरणाऱ्या बटा पाहाव्यात. चित्रकाराने एकेक केस मोजत बसण्याचा खटाटोप केलेला नाही. काजळीच्या काळ्या रंगाने आधी केशसंभाराचा एकसंध आकार भरला आणि मग कडेला वळणदार बटा सोडल्या. अंधाऱ्या लेण्यात, दिव्याच्या उजेडात, दुरून पाहणाऱ्यासाठी हे पुरेसे होते. आकार आधी, तपशील नंतर, हा नियम तेथे पक्का झालेला दिसतो.

४/ पुढे दख्खनच्या सुलतानांच्या दरबारांत लघुचित्रे आली आणि पाहणारा चित्राच्या अगदी जवळ आला. पुस्तकाचे पान हातात धरून पाहायचे असल्याने दाढीचा, कल्ल्यांचा प्रत्येक केस दिसणे आवश्यक झाले. त्यासाठी खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले वापरत. आधी फिक्या रंगाचा हात, त्यावर गडद छटा आणि शेवटी टोकदार कुंचल्याने केसाएवढ्या बारीक रेषा, असा क्रम असे. केस रंगवण्यासाठी केसांचाच कुंचला!

५/ चित्रातील माणूस मागाहून ‘बदलणे’ हे संगणकाचे पाप आहे, असा समज असेल तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे हस्तलिखित आठवावे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची ही सोळाव्या शतकातील सचित्र प्रशस्ती. राणी खुंझा हुमायून हिची आकृती त्यातील बहुतेक चित्रांत रंग फासून झाकलेली आढळते. पुढे ती सत्तेवरून दूर झाली, त्याच्याशी अभ्यासक या खाडाखोडीचा संबंध जोडतात. चित्रसंपादन आणि राजकारण यांची सोबत इतकी जुनी आहे.

६/ १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले आणि युरोपीय वास्तववादी पद्धतीचे शिक्षण येथे रुजले. त्या पद्धतीत केस म्हणजे रेषांचा जुडगा नव्हे; तो प्रकाश झेलणारा घन आकार. डोक्याच्या गोलाईवर उजेड कोठे पडतो, सावली कोठे दाटते, हे प्रथम पाहायचे. काळे केसही केवळ काळे नसतात. त्यांत आकाशाची निळसर आणि उन्हाची तांबूस झाक मिसळलेली असते, ही दृष्टी मराठी चित्रकारांना येथे मिळाली.

७/ १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत उभा राहिला. मोकळ्या केसांच्या लक्ष्मी-सरस्वती तेथून घराघरांतील देवघरांत पोहोचल्या. शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे आणि एकावर एक ठसे उमटत जाऊन चित्र पूर्ण होई. आज संगणकावरील चित्रकार ज्यांना ‘लेअर’ म्हणतो, त्या थरांची कल्पना समजून घ्यायला हे दगड उत्तम उदाहरण आहेत.

८/ छायाचित्रण आल्यावर केसांचे काम संपेल असे वाटावे, घडले उलटे. स्टुडिओत काचेच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने ‘रिटचिंग’ होऊ लागले. सुरकुत्या निवळत, पुसट झालेली केसांची कड पुन्हा रेखली जाई, कृष्णधवल प्रतींवर हाताने रंग चढवले जात. छायाचित्र म्हणजे निखळ सत्य, ही समजूत तेव्हाही पूर्णपणे खरी नव्हती.

९/ विसाव्या शतकात या कामाला नवे हत्यार मिळाले : हवेच्या दाबाने रंगाचा धुरळा उडवणारा एअरब्रश. कॅलेंडरे आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठे घडवणारे रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांनी या तंत्रावर विलक्षण प्रभुत्व मिळवले. कुंचल्याचा फटकारा न दिसता छटा छटेत विरते. त्यामुळे केसांची कड कपाळात अलगद मिसळते. त्याआधी कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी आपल्या चित्रपटांची भित्तिचित्रे स्वतः रंगवून या व्यवसायाला प्रतिष्ठा दिली होती.

१०/ १९८७ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील विद्यार्थी थॉमस नोल याने पडद्यावर करड्या छटा दाखवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. चित्रपटांच्या दृश्यपरिणामांचे काम करणारा भाऊ जॉन याच्यासह तो वाढवला गेला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये ॲडोबीने ‘फोटोशॉप’ बाजारात आणले. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेअर आले, तर २००२ च्या सातव्या आवृत्तीत कुंचल्यांची नवी, सविस्तर यंत्रणा आली. पेनचा दाब ओळखणाऱ्या टॅब्लेटमुळे रेषा पुन्हा हाताच्या हुकमतीत आली. ‘ब्रश’, ‘एअरब्रश’, ‘डॉज’, ‘बर्न’ ही अवजारांची नावे चित्रशाळेतून आणि डार्करूममधूनच संगणकात गेली आहेत.

११/ आता प्रत्यक्ष कृती. माणसाच्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. ते एकेक करून कोणीही रंगवत नाही. स्वतंत्र लेअरवर मध्यम गडद छटेने केसांचा पूर्ण आकार भरतात. त्यावर बटांचे मोठे पुंजके आणि त्यांमधील सावल्या येतात. टोकाला निमुळता होणारा कुंचला केस ज्या दिशेने वळतो त्याच दिशेने, मुळाकडून टोकाकडे फिरवतात. उजेडाचा पट्टा मात्र केसांच्या दिशेला आडवा, डोक्याच्या गोलाईवरून जाणारा असतो. नवशिक्याची चूक बहुधा येथेच होते.

१२/ दुसरी कसोटी कपाळावरची. तेथे केस विरळ होत जातात आणि त्यांच्यामधून त्वचेचा रंग दिसतो; म्हणून कड मऊ ठेवून त्वचेची छटा केसांत मिसळावी लागते. कड करकरीत राहिली की डोक्यावर टोप ठेवल्यासारखे दिसते. सर्वांत शेवटी शिस्त मोडून बाहेर आलेले दहा-वीस सुटे केस. संपूर्ण चित्राला जिवंतपणा देतात ते हेच. अजिंठ्याच्या बटा, लघुचित्राची रेषा, जे. जे.चा घन आकार आणि एअरब्रशची मऊ कड, चारही पिढ्या या एका कृतीत एकत्र येतात.

१३/ येथे थोडे गणित आवश्यक आहे. माणसाचा केस सुमारे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो. १५ सेंटिमीटर रुंदीचा चेहरा १५०० पिक्सेलांत टिपला, तर एक पिक्सेल ०.१ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम एका केसाएवढा. तोच चेहरा जुन्या फोटोच्या स्कॅनमध्ये ३०० पिक्सेलांचा असेल, तर एका पिक्सेलात पाच ते दहा केसांची रुंदी सामावते. अशा चित्रात सुटा केस नोंदलेलाच नसतो. मोठ्या केलेल्या प्रतीत तो दिसत असेल, तर तो चित्रकाराने किंवा यंत्राने कल्पिलेला आहे.

१४/ इतिहासाच्या दृष्टीने खरा प्रश्न येथे उभा राहतो. छत्रपती शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातील मोजकीच चित्रे आज उपलब्ध आहेत : ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधील गोवळकोंडा शैलीचे चित्र, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील चित्र, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील, मनुचीसाठी मीर मुहम्मदने काढलेले अश्वारूढ चित्र. ही लहान कागदांवरची लघुचित्रे आहेत. त्यांवरून पडद्यावर घडवलेल्या भव्य चेहऱ्यात दाढीचा केस न् केस दिसतो, तेव्हा त्यातील बहुतांश केस आजच्या चित्रकाराचे असतात.

१५/ याचे गांभीर्य महाराष्ट्राने एकदा अनुभवले आहे. एके काळी महाराजांचे म्हणून भलत्याच व्यक्तीचे चित्र प्रचलित होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांचा माग काढून १९३३ मध्ये महाराजांचे विश्वसनीय चित्र प्रकाशात आणले, तेव्हा ती चूक दुरुस्त झाली. मूळ चित्र उपलब्ध होते म्हणून हे शक्य झाले. उद्या शोधयंत्रात मूळ लघुचित्र मागे पडून चकचकीत डिजिटल चेहराच पुढे येत राहिला, तर पुढच्या बेंद्र्यांनी पडताळणी कशाशी करायची?

१६/ म्हणून डिजिटल चित्रे काढू नयेत, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. प्रत्येक पिढीने आपल्या साधनांनी पूर्वज रंगवले आहेत. अपेक्षा साधी आहे : मूळ स्कॅन अस्पर्श जपावा, नव्याने रंगवलेले केस वेगळ्या लेअरवर असावेत, चित्र प्रसिद्ध करताना ते कोणत्या मूळ चित्रावर बेतले आहे आणि त्यात कल्पनेचा भाग कोणता, हे खाली लिहावे. संग्रहालये फुटलेल्या मूर्तीचा नवा जोडलेला भाग बहुधा ओळखू येईल असा ठेवतात, त्यामागेही हाच विचार असतो.

१७/ आर्णीसारख्या गावातील दुकानातही हा नियम लागू पडतो. आजोबांच्या फोटोवर नवे केस रंगवले जातात, फ्रेम होते, हार चढतो. नातवंडांच्या आठवणीत पुढे तोच चेहरा उरतो. फ्रेमबरोबर तो डागाळलेला जुना कागदही परत मागून घ्यावा आणि मागे नाव व साल लिहून जपून ठेवावा. केस पुसट असले तरी ते आजोबांचे स्वतःचे आहेत.