लिथियम-पॉलिमर बॅटरी म्हणजे काय? तिच्यात पॉलिमर नक्की कुठे असतो?

फोनच्या स्पेसिफिकेशनमध्ये 'ली-पो' हा शब्द तुम्ही वाचला असेल. नावावरून वाटतं की आत द्रव नसेलच, सगळं प्लास्टिक असेल. मला हा प्रश्न बरेचदा विचारला जातो, म्हणून आज तो नीट समजून घेऊया.

पॉलिमर म्हणजे काय?
छोटे रेणू माळेतल्या मण्यांसारखे जोडले गेले की लांबलचक साखळी तयार होते. तोच पॉलिमर. पिशवीतलं पॉलिथिन हे त्याचंच उदाहरण.

बॅटरीत तो काय करतो?
दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनचा सच्छिद्र पडदा असतो. हा सेपरेटर केसापेक्षाही पातळ असतो. त्याच्या छिद्रांतून लिथियमचे आयन ये-जा करतात, पण इलेक्ट्रोड एकमेकांना टेकत नाहीत. पॉलिथिन साधारण 130 अंश सेल्सिअसला वितळतं. बॅटरी तेवढी तापली तर छिद्रं बुजतात आणि आयनांची वाट बंद होते. पण पडदाच फाटला तर शॉर्टसर्किट! 2016 मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी नोट 7 परत मागवला. त्यातल्या काही बॅटऱ्यांमध्ये वेल्डिंगच्या टोकदार कडांनी सेपरेटर भेदला होता, असं तपासात दिसलं.

मग आग का लागते?
कारण आतलं इलेक्ट्रोलाइट ज्वलनशील असतं. फोनमधल्या बहुतेक 'ली-पो' बॅटऱ्यांमध्येही ते द्रव किंवा जेल स्वरूपातच असतं. कडक डब्याऐवजी मऊ पाऊच असतो, एवढाच मोठा फरक.

संशोधन कुठवर आलंय?
1970 च्या दशकात पीटर राइट आणि सहकाऱ्यांनी पॉलिइथिलिन ऑक्साइड या घन पॉलिमरमधून आयन वाहू शकतात, हे दाखवलं. 1978 मध्ये मिशेल आर्मां यांनी तो बॅटरीत वापरायची कल्पना मांडली. बांधकामावर मजूर घमेली हातोहात पुढे देतात ना, तशाच हलणाऱ्या साखळ्या आयन पुढे सरकवतात. अडचण अशी, की साध्या तापमानाला या साखळ्या आखडतात आणि आयनांचं वहन द्रवाच्या तुलनेत हजार पटींहून जास्त मंदावतं. पॅरिसमध्ये 2011 साली सुरू झालेल्या 'ऑटोलिब' सेवेच्या गाड्यांमध्ये अशा बॅटऱ्या होत्या, पण त्या गरम ठेवाव्या लागत. खिशातला फोन तसा तापवून कसं चालेल? म्हणून आता पॉलिमरमध्ये सिरॅमिकची पूड मिसळणं, साखळ्यांची रचना बदलणं असे प्रयोग सुरू आहेत.

तोपर्यंत काय करायचं?
फोनची पाठ फुगलेली दिसली तर तो लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका. सुई टोचून गॅस काढायची 'ट्रिक' कोणी सांगितली तर अजिबात ऐकू नका. सुई थेट सेपरेटरमधून आरपार जाते. फोन सर्व्हिस सेंटरला द्या आणि जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्या.