पागेतला दिवा आणि वात नेणारा उंदीर

गेल्या मे महिन्यात अलिबागजवळ एका घोडागाडीवाल्या काकांच्या तबेल्यात गेले होते. तीन घोडी, पत्र्याचं छप्पर, एका कोपऱ्यात पेंढा रचलेला. विजेचा खांब लांब, म्हणून तबेल्याला वीज नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत अनेक दिवस अंधार होता. त्यानंतर काकांनी छपरावर सोलर पॅनल टाकलं, बॅटरी आणली, दोन बल्ब लावले. पण तक्रार होतीच. एक तर जुलै आला की दिवा संध्याकाळीच मान टाकतो. दुसरं म्हणजे उंदीर वायर कुरतडतात.

उंदीर म्हटल्यावर मला एक पत्र आठवलं.

ते पत्र तुमच्यापैकी बहुतेकांनी शाळेत असताना ऐकलेलं असणार. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ हलवर्ण इथे छावणीला असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, असा त्याचा सार सांगितला जातो. तो बरोबरच आहे. पण आपण सगळे (मीसुद्धा एमएला असताना) तिथेच थांबतो आणि उरलेलं पत्र सोडून देतो. उरलेल्या पत्रात काय आहे? गवत आहे, चूल आहे, तंबाखूसाठी घेतलेला विस्तव आहे आणि एक दिवा आहे.

मुद्दा असा मांडलाय: पावसाळा तोंडावर आहे, दाणा आणि गवत जपून वापरा. आत्ता उधळलंत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही कुणब्यांकडे मागायला जाल, कुणबी गाव सोडतील. म्हणजे भाजीच्या देठाची गोष्ट गवताच्या हिशेबातून निघते. त्यानंतर आगीचा विषय येतो. कुणी कुठेही चूल मांडेल, कुणी वारा न बघता विस्तव नेईल, आणि रात्री घरात दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. एका ठिकाणी पेटलं की सगळंच जाईल. नंतर कितीही लोकांना शिक्षा केली तरी खण उभारायला एक लाकूडसुद्धा मिळायचं नाही.

तेलात भिजलेली वात उंदराला खाण्याची वस्तू वाटते, ती तो ओढतो. पणतीच्या काळात घरोघरी ठाऊक असलेली गोष्ट ही. कोकणात दिव्याला उंडीचं, करंजाचं तेल, खोबरेल असायचं. ती वात पेंढ्यात गेली की खेळ संपला.

जाता जाता, तारखेबद्दल. या पत्राचं वर्ष कुठे १६७३ तर कुठे १६७४ छापलेलं दिसेल. गोंधळून जाऊ नका, पण दुर्लक्षही करू नका. मराठी कागदांत शुहूर सन असतो, तो मृग नक्षत्र लागताना बदलतो. इसवी सन काढायला त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. मेमधला कागद वर्षाच्या अगदी शेवटाला येतो, तिथे ६०० धरावे लागतात. अशा जागी एका वर्षाची चूक सहज होते. प्रबंधात तारीख लिहिण्याआधी हे गणित स्वतः करून बघा.

आता मला पडलेला खरा प्रश्न. मी चौलच्या घोडेव्यापाराबद्दल वाचतेय. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून जहाजाने एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि पालीवरून जुन्नरला गेला. रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. घोड्याला इथे काय खायला घालतात ते तो लिहितो. बीदरच्या सरदारांबरोबर मशालजी चालतात तेही लिहितो. पण स्वतःचा घोडा रात्री जिथे बांधला तिथे दिवा होता का, याबद्दल एक अक्षर नाही. सभासदाच्या बखरीत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद सांगितलाय. पाण्याची सोय मोजली, नालांची मोजली. दिवा लावणारा माणूस त्या हिशेबात नाही.

म्हणजे उजेड कागदावर येतो तो थाटामाटात, नाहीतर भीतीत. तबेल्यातली रोजची पणती थाटाची नव्हती. ती कागदावर आली कारण पागा जळण्याची भीती होती. रोजच्या वापरातल्या वस्तूंवर काम करायचं असेल तर ताकिदीची पत्रं, तंट्यांचे निवाडे, नुकसानीच्या नोंदी आधी उघडा. सुरळीत चाललेल्या गोष्टीबद्दल सहसा कोणी लिहून ठेवत नाही.

आणखी एक. पत्रात दिवा लावूच नका असं म्हटलेलं नाही. लावला तर लक्ष ठेवा, इतकंच. कारण दिवा माणसाला लागतो. घोड्याला अंधुक उजेडात आपल्यापेक्षा चांगलं दिसतं, त्याला रात्रभर लखलखाट नको असतो. उलट दिवस लांबल्यासारखा झाला तर घोडीचं माजावर येण्याचं चक्रही बदलतं. उजेड हवा तो दाणा घालताना, खूर बघताना, कुणाच्या पोटात दुखायला लागलं तर.

काकांच्या दिव्याचं कोडं इथेच सुटलं. पाच वॅटचे दोन बल्ब ते रात्रभर, दहा तास चालू ठेवत होते: रोज १०० वॅट-तास. जुलैत आभाळ भरलेलं असताना पॅनलला पुऱ्या उन्हाचे अडीच तास मिळाले तरी खूप. त्यातलं तीस टक्के वायर, बॅटरी, धूळ यांत जातं असं धरलं तर जवळजवळ ६० वॅटचं पॅनल हवं. त्यांचं होतं ४० चं. तेच बल्ब चार तास वापरले तर रोज ४० वॅट-तास, आणि २५ वॅटचं पॅनलही कसंबसं पुरतं. तीन दिवस ऊन पडलं नाही असं धरून १२० वॅट-तासांचा साठा हवा. बारा व्होल्टला ते झाले १० अँपिअर-तास. ॲसिडची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, म्हणून २० ची घ्यायची. त्यांच्याकडे तेवढी होती. नवीन काही आणायची गरजच नव्हती, बटण बंद करायची होती.

गंमत बघा, छावणीचं पत्र आणि हा हिशेब दोन्ही पावसाळ्यावर येऊन अडतात. गवत आत रचलेलं, माणसं आणि घोडी एका छपराखाली, उजेडाची गरज सगळ्यात जास्त, आणि तेव्हाच ऊन नाही.

वायर काकांनी लोखंडी नळीतून घ्यायचं ठरवलं, कारण प्लॅस्टिकची नळी उंदीर फोडतात. खाऱ्या वाऱ्याने नळी गंजेल, पण ती दोन-तीन वर्षांनी बदलता येईल. बॅटरीची पेटी मात्र त्यांनी पेंढ्याच्या अगदी वर, त्याच भिंतीला ठोकली होती. मी म्हटलं, काका, ही आधी हलवा. ते हसले. म्हणाले, ‘अगं, यात कुठे वात आहे?’ मग मी त्यांना कुरतडलेल्या वायरचं उघडं तांबं दाखवलं आणि पत्रातल्या उंदराची गोष्ट सांगितली. पेटी त्याच संध्याकाळी दाराबाहेरच्या खांबावर गेली.