स्मार्ट दिव्यांना वेळ कशी लावून द्यावी? घड्याळापेक्षा सूर्यास्त बरा

गावी गेल्यावर घरात अंधार राहू नये, किंवा ज्येष्ठांना जिन्यातला दिवा लावायला उठावे लागू नये, म्हणून अनेक जण स्मार्ट बल्ब घेतात. तो दिवेलागणीला आपोआप लागावा यासाठी वेळ लावून देणे फार अवघड नाही.

काय लागते?

स्मार्ट बल्ब, वाय-फाय आणि मोबाइल. बहुतेक स्मार्ट बल्ब २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात. टेबल लॅम्पसारख्या साध्या दिव्यासाठी स्मार्ट प्लग पुरतो. ट्यूबलाइटसाठी स्मार्ट स्विच बसवता येतो; मात्र बऱ्याच स्मार्ट स्विचना न्यूट्रल वायर लागते, म्हणून ते काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

वेळ लावण्याच्या पायऱ्या

१. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बल्ब जोडून त्याला ‘जिना’, ‘अंगण’ असे सोपे नाव द्यावे.
२. हा बल्ब अलेक्सा किंवा गुगल होम अ‍ॅपला जोडावा.
३. अलेक्सामध्ये ‘रूटीन’, तर गुगल होममध्ये ‘ऑटोमेशन’ हा पर्याय उघडावा.
४. दिवा कधी लागावा ते निवडावे: ठरलेली वेळ, सूर्योदय किंवा सूर्यास्त.
५. कोणता दिवा लागावा आणि कोणत्या वारी, हे ठरवून सेव्ह करावे.
६. दिवा बंद होण्यासाठी वेगळे रूटीन करावे. हीच पायरी अनेकदा राहून जाते.

सूर्यास्त का निवडावा?

मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सायंकाळी ६ च्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या सुरुवातीला सुमारे ७.२० वाजता. कायम ६.३० ची वेळ लावली, तर हिवाळ्यात दिवा उशिरा लागतो आणि उन्हाळ्यात भर उजेडात. नागपूरला सूर्य मुंबईपेक्षा साधारण २५ मिनिटे आधी मावळतो. त्यामुळे अ‍ॅपमध्ये घराचा पत्ता बरोबर असावा. जिन्यासाठी सूर्यास्ताच्या १५ मिनिटे आधीची वेळ ठेवणे चांगले. पावसाळ्यात ढगांमुळे लवकर अंधारते.

दिवा लागला नाही तर?

सर्वाधिक वेळा कारण साधे असते: कोणीतरी भिंतीवरचे बटन बंद केलेले असते. वीज नसेल तर बल्बपर्यंत आदेश पोहोचतच नाही. म्हणून बटनावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवावी आणि घरातल्या सर्वांना तसे सांगून ठेवावे.

दुसरे कारण इंटरनेट. अलेक्सा आणि गुगलची बहुतेक रूटीन इंटरनेटवर अवलंबून असतात. काही बल्ब त्यांच्या स्वतःच्या अ‍ॅपमधली वेळ बल्बमध्येच साठवतात. अशी सोय असल्यास जिन्यासाठी तीच वापरावी.

तिसरे कारण भारनियमन. वीज परत आल्यावर अनेक बल्ब आपोआप पूर्ण प्रकाशात लागतात, अगदी मध्यरात्रीही. अ‍ॅपमध्ये ‘वीज आल्यावर पूर्वीची स्थिती’ असा पर्याय असेल, तर तो निवडावा.

वीजबिल किती वाचते?

फार नाही. ९ वॉटचा बल्ब रोज १२ तास चालला, तर ३० दिवसांत ३.२४ युनिट वीज लागते. सहा तासांवर आणला, तर १.६२ युनिट वाचतात. खरा फायदा अंधारात जिना चढणाऱ्याला होतो.

घर सोडण्यापूर्वी दोन मिनिटांनंतरची वेळ लावून एकदा तपासून पाहावे, आणि मग सूर्यास्ताची वेळ पुन्हा लावून ठेवावी.