मेंढीची 'याख्सिक्ते', उंदराचा दुग्धघटक आणि मुंबईतील एक शोध

दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकान्स भाषेत मेंढ्यांच्या एका रोगास 'याख्सिक्ते' म्हणतात. 'याख' म्हणजे पाठलाग करणे, हाकणे. 'सिक्ते' म्हणजे रोग. कोणी मागे लागल्याप्रमाणे धापा टाकणारी मेंढी पाहून हे नाव पडले. रोगी मेंढीचे मागील पाय उचलून तिचे डोके खाली केले असता नाकातून पातळ द्रव वाहू लागतो, ही त्याची ओळखीची खूण होय. हा वस्तुतः फुप्फुसाचा कर्करोग असून तो एका मेंढीपासून दुसरीस जडतो. १९३३ साली जर्मनीहून आणलेल्या काराकुल जातीच्या वीस मेंढ्यांबरोबर तो आइसलंडमध्ये पोहोचला. कळपांची कत्तल केल्यावर १९५२ मध्ये तेथून त्याचे उच्चाटन झाले.

कर्करोग जर विषाणूने पसरू शकतो, तर तो प्राणिजातीची सीमा ओलांडून मनुष्यापर्यंत येईल काय? या प्रश्नाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईत घडले. मात्र तेथे मेंढीच्या जागी उंदीर होता.

१९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी दाखवून दिले की, स्तनाचा कर्करोग वारंवार होणाऱ्या वंशातील पिल्ले निरोगी वंशाच्या दाईचे दूध पिऊन वाढली, तर त्यांच्यात रोगाचे प्रमाण पुष्कळ घटते. रोगाचे कारण केवळ रक्तात नसून दुधातही होते. हा 'दुग्धघटक' म्हणजे विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. याख्सिक्तेचा विषाणू आणि हा विषाणू एकाच कुळातले होत.

पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल रणदिवे (पूर्वाश्रमीच्या समर्थ) यांनी वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. परळ येथे १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि विषाणू, संप्रेरके व आनुवंशिकता यांचा परस्परसंबंध उंदरांवर अभ्यासला. विषाणू असला म्हणजे रोग झालाच, असे समीकरण त्यांच्या कार्यातून निघत नाही; यजमानाच्या देहाची अनुकूलताही लागते.

त्याच केंद्रातील सत्यवती सिरसाट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा अभ्यास भारतात रुजविला. मुंबईच्या पारशी समाजात स्तनकर्करोगाचे प्रमाण अधिक आढळत असे, आणि हा समाज लहान व आपसांत विवाह करणारा होता. म्हणून अमेरिकेतील डॅन मूर यांच्या गटाने मुंबईतील संशोधकांच्या सहकार्याने पारशी स्त्रियांच्या दुधाची तपासणी केली. १९७१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाला : काही नमुन्यांत उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळले होते. यात जे पणास लागले होते ते लहान नव्हते. कण खरोखरच रोगकारक असते, तर मातेने आपल्या मुलीस दूध पाजावे की नाही, असा प्रश्न घरोघरी उभा राहिला असता.

परंतु साम्य म्हणजे नाते नव्हे. इंग्रजीतील 'बॅड' आणि फारसीतून मराठीत आलेला 'बद' यांचा उच्चार व अर्थ जवळजवळ सारखाच. तरीही त्यांचे मूळ एक नाही. भाषेच्या अभ्यासकास नियमित ध्वनिसंवाद दाखवावा लागतो. विषाणूच्या अभ्यासकास जनुकक्रम, संसर्ग आणि रोग यांची अखंड साखळी दाखवावी लागते. १९९५ मध्ये मानवी अर्बुदांत उंदराच्या विषाणूसदृश जनुकक्रम सापडल्याचे प्रसिद्ध झाले. काही प्रयोगशाळांना तो आढळला, काहींना आढळला नाही. कार्यकारणाची साखळी मात्र आजही पूर्ण झालेली नाही.

सीमा नेमकी कोठे असते, याचा उलगडा पुढे झाला. उंदराचा विषाणू पेशीत शिरण्यासाठी ट्रान्सफेरिन-ग्राहक हे प्रथिन वापरतो, असे २००२ मध्ये दिसून आले. उंदराचे ते प्रथिन मानवी पेशींत घातले की त्या पेशी विषाणूस सहज ग्रहण करतात. मेंढीच्या विषाणूची गोष्ट उलट आहे. त्याचे द्वार असलेले 'एचवायएएल-२' हे प्रथिन २००१ मध्ये ओळखले गेले. मनुष्याचे हे प्रथिन प्रयोगशाळेत त्यास प्रवेश देते, उंदराचे मात्र नीट देत नाही. त्या विषाणूचे बाह्य आवरणाचे प्रथिनच पेशींना कर्करोगी बनवू शकते. इतके असूनही मेंढपाळांना हा रोग जडल्याचे सिद्ध झालेले नाही. कारण दारातून आत शिरल्यावर विषाणूस पेशीच्या आतील यंत्रणाही अनुकूल असावी लागते.

तात्पर्य, प्राणिजातींमधील सीमा म्हणजे एकच तटबंदी नव्हे. ती एकामागून एक असलेल्या अनेक दारांची मालिका होय. १४ फेब्रुवारी २००३ रोजी प्रसिद्ध 'डॉली' मेंढीस याच फुप्फुसरोगामुळे दयामरण द्यावे लागले. तिची शुश्रूषा करणाऱ्या माणसांना त्यापासून अपाय झाला नाही. आणि मेंढीच्या आनुवंशिक द्रव्यात याच विषाणूच्या सुमारे सत्तावीस प्राचीन प्रती वसलेल्या असून, त्यांतील काही गर्भधारणेच्या कामी येतात. परका म्हणून आलेला घरचा झाला, असे हे उदाहरण आहे. परळच्या प्रयोगशाळेने विचारलेल्या प्रश्नाचे मोल त्यामुळे उत्तरावर अवलंबून नाही. साम्य दिसताच भय पसरविण्याऐवजी पुरावा मागावा, हा धडा त्या शोधाच्या इतिहासात आहे.