दुहेरीचा खेळाडू ते विद्यापीठाचा प्रशिक्षक : ग्लेन मिचिबाता यांची कारकीर्द आणि कॅनडाचे टेनिस

प्रास्ताविक

क्रीडेच्या इतिहासलेखनात विजेत्यांना स्थान मिळते, उपविजेत्यांची नोंद होते आणि दुहेरीत खेळणाऱ्यांचा उल्लेख बहुधा तळटीपेत होतो. टेनिस या खेळाबाबत हे विशेषत्वाने खरे आहे. विम्बल्डनचा एकेरीतील विजेता सामान्य वाचकास सहज आठवतो. त्याच वर्षी त्याच मैदानावर दुहेरी कोणी जिंकली हे सांगताना जाणकारही अडखळतो. भारतीय वाचक याला काहीसा अपवाद आहे. १९९९ मध्ये लिअँडर पेस व महेश भूपती यांनी फ्रेंच व विम्बल्डन स्पर्धांतील पुरुष दुहेरी जिंकली, तेव्हापासून आपल्याकडे दुहेरीकडे आदराने पाहिले जाते. प्रस्तुत लेखात कॅनडाचे दुहेरीतील खेळाडू व पुढे अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक झालेले ग्लेन मिचिबाता यांच्या कारकिर्दीचा विचार केला आहे. त्यांच्या नावावर एकही ग्रँड स्लॅम विजेतेपद नाही. असे असताना त्यांचा अभ्यास कशासाठी करावयाचा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्यांच्या चरित्राइतकेच त्यांच्या देशाच्या टेनिसच्या इतिहासातही शोधावे लागते.

पार्श्वभूमी

मिचिबाता यांचा जन्म १९६२ साली टोरांटो येथे झाला. त्यांचे आडनाव जपानी आहे, आणि कॅनडाच्या विसाव्या शतकातील इतिहासात जपानी आडनावाला एक वेगळा संदर्भ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून, ब्रिटिश कोलंबियाच्या किनारपट्टीवरील सुमारे २२,००० जपानी वंशाच्या लोकांना तेथून हलविण्यात आले. त्यांपैकी बहुसंख्य लोक कॅनडाचे नागरिक होते. त्यांची घरे, दुकाने व मासेमारीच्या नौका शासनाने विकून टाकल्या. युद्ध संपले तरी त्यांना किनाऱ्यावर परतण्याची मोकळीक १ एप्रिल १९४९ पर्यंत मिळाली नाही. परिणामी या समाजाचा मोठा भाग पूर्वेकडे सरकला आणि टोरांटो हे त्याचे एक प्रमुख केंद्र बनले. कॅनडाच्या शासनाने या अन्यायाबद्दल औपचारिक क्षमायाचना केली ती २२ सप्टेंबर १९८८ रोजी. म्हणजे मिचिबाता देशाचे प्रतिनिधित्व करू लागल्यानंतर काही वर्षांनी! खेळाडूच्या प्रत्येक फटक्यात त्याच्या समाजाचा इतिहास शोधणे हा अतिरेक ठरेल. तथापि डेव्हिस चषकाच्या संघात कॅनडाच्या नावाखाली हे आडनाव दिसणे ही बाब, किमान इतिहासाच्या विद्यार्थ्याने, दृष्टीआड करू नये.

त्या काळात कॅनडातील होतकरू टेनिसपटूसमोर मार्ग मर्यादित होते. दीर्घ हिवाळ्यामुळे वर्षातील बरेच महिने छताखालीच खेळावे लागे आणि हिवाळ्यातील राष्ट्रीय अभिमान बर्फावरच्या हॉकीभोवती गुंफलेला होता. साहजिकच गुणी मुले अमेरिकेतील विद्यापीठांकडे वळत. मिचिबाता कॅलिफोर्नियातील मालिबू येथील पेपरडाईन विद्यापीठात गेले, तेथील संघातून खेळले आणि १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात व्यावसायिक झाले. हाच मार्ग नंतर महेश भूपतींनीही अनुसरला. मिसिसिपी विद्यापीठात असताना १९९५ मध्ये त्यांनी आंतरमहाविद्यालयीन दुहेरी जिंकली होती. अमेरिकन विद्यापीठे ही अन्य देशांच्या टेनिसची एक प्रकारे धर्मशाळाच होती असे म्हणावयास हरकत नाही.

दुहेरीकडे वळण

एकेरीत मिचिबाता जागतिक क्रमवारीत पहिल्या पन्नासांत पोहोचले होते. ही कामगिरी सामान्य नव्हे. परंतु त्यांची खरी ओळख निर्माण झाली ती ग्रँट कॉनेल यांच्या साथीने. कॉनेल १९६५ साली रिजायना येथे जन्मलेले, मिचिबातांपेक्षा तीन वर्षांनी लहान व डावखुरे. उजव्या व डाव्या हाताच्या खेळाडूंची जोडी दुहेरीत लाभदायक ठरते. प्रतिपक्षाला दर वेळी वेगळ्या दिशेने वळणाऱ्या सर्व्हिसशी जुळवून घ्यावे लागते.

येथे दुहेरीच्या स्वरूपाविषयी दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. एकेरीत खेळाडू आपल्या चुकांचा धनी आपणच असतो. दुहेरीत सर्व्हिस एकाची असते, पण ती राखण्याची जबाबदारी जाळ्याजवळ उभ्या असलेल्या साथीदारावर तितकीच असते. परतीचा फटका जोरकस असण्यापेक्षा तो पुढे धावत येणाऱ्या सर्व्हिस करणाऱ्याच्या पायाशी पडणे महत्त्वाचे असते. जाळ्याजवळच्या खेळाडूने आडवे धावून चेंडू मधेच कापावयाचा की आपली बाजू राखावयाची, हे गुण सुरू होण्यापूर्वी ठरते आणि पाठीमागे लपविलेल्या हाताच्या खुणेने साथीदारास कळविले जाते. थोडक्यात, दुहेरी हा बोलून खेळावयाचा खेळ आहे. दुहेरीतील कित्येक खेळाडू पुढे समर्थ प्रशिक्षक झाले त्याचे कारण येथेच असावे असे प्रस्तुत लेखकास वाटते : जे मनात आहे ते दुसऱ्यास थोडक्या शब्दांत सांगण्याची सवय त्यांना खेळतानाच लागलेली असते.

मेलबर्न, जानेवारी १९९०

कॉनेल-मिचिबाता जोडीच्या कारकिर्दीतील सर्वोच्च क्षण म्हणजे १९९० च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेतील पुरुष दुहेरीचा अंतिम सामना. ही स्पर्धा दोन गोष्टींसाठी स्मरणात राहिली आहे. मिकाएल पेर्नफोर्सविरुद्धच्या सामन्यात गैरवर्तनाबद्दल जॉन मॅकेन्रोला बाद ठरविण्यात आले, आणि एकेरीच्या अंतिम सामन्यात स्टीफन एडबर्गला दुखापतीमुळे माघार घ्यावी लागून इव्हान लेंडल विजयी झाला. या दोन घटनांवर आजही लिहिले जाते. दोघा कॅनेडियन खेळाडूंनी ग्रँड स्लॅमची अंतिम फेरी गाठली, यावर फारसे लिहिले गेलेले आढळत नाही.

त्यांचे प्रतिस्पर्धी होते दक्षिण आफ्रिकेचे पीटर अल्ड्रिच व डॅनी विसर. वर्णद्वेषी धोरणामुळे त्यांचा देश तेव्हा डेव्हिस चषकाबाहेर होता. व्यावसायिक स्पर्धांत मात्र तेथील खेळाडू व्यक्तिशः भाग घेऊ शकत. या स्पर्धेनंतर दोनच आठवड्यांनी, ११ फेब्रुवारी १९९० रोजी, नेल्सन मंडेला तुरुंगातून बाहेर आले. अल्ड्रिच-विसर यांनी तो सामना ६-४, ४-६, ६-१, ६-४ असा जिंकला.

दुहेरीच्या इतिहासकाराच्या हाती बहुधा एवढे आकडेच उरतात. ते नीट वाचले तर बरेच काही सांगतात. दोन्ही जोड्या सर्व्हिस राखू शकणाऱ्या असतील तर ६-४ हा सेट एकाच सर्व्हिसभंगावर जाऊ शकतो. ६-१ असा सेट गमवावयाचा तर सर्व्हिस किमान दोनदा गमवावी लागते. पहिला, दुसरा व चौथा हे तीन सेट तुल्यबळ होते. सामना निसटला तो तिसऱ्या सेटमध्ये. एक-एक अशी बरोबरी साधल्यावर लगेच असा सेट जावा, यात साथीदारांपैकी कोण अधिक चुकला हे आकडे सांगत नाहीत. दुहेरीत तो प्रश्न विचारावयाचाही नसतो. अल्ड्रिच-विसर त्या वर्षी केवढ्या भरात होते हे पुढे दिसून आले. ते विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि त्यांनी अमेरिकन खुली स्पर्धाही जिंकली. मिचिबाता अशा जोडीकडून हरले होते. ते स्वतः दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचांपर्यंत पोहोचले, पण ग्रँड स्लॅमच्या पुरुष दुहेरीची अंतिम फेरी पुन्हा त्यांच्या वाट्याला आली नाही.

राष्ट्रीय संघ व पुढील पिढी

डेव्हिस चषकाच्या लढतीत चार एकेरी सामने व एक दुहेरी अशी त्या काळची रचना होती. एकेरीत जगज्जेते नसलेल्या देशाला दुहेरीचा एक गुण हाच आधार असे. कॅनडाने हे लवकर ओळखले. १९९१ व १९९२ या वर्षी कॅनडा जागतिक गटात खेळला. १९९२ मध्ये व्हँकुव्हर येथे स्वीडनविरुद्ध एकोणीस वर्षांच्या डॅनियल नेस्टरने, क्रमवारीत २३८ वा असताना, अग्रस्थानी असलेल्या एडबर्गला हरविले. लढत मात्र स्वीडननेच जिंकली. पुढे याच नेस्टरने दुहेरीत चारही ग्रँड स्लॅम, ऑलिंपिक सुवर्ण व एकूण ९१ विजेतेपदे मिळविली.

कॉनेल यांनी पुढे पॅट्रिक गॅलब्रेथबरोबर जोडी जमविली आणि १९९३ च्या नोव्हेंबरात दुहेरीच्या क्रमवारीत अव्वल स्थान मिळविले. सेबास्टियन लारो यांनी १९९९ मध्ये अमेरिकन खुल्या स्पर्धेत ॲलेक्स ओब्रायनसह दुहेरीचे विजेतेपद पटकावले. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये लारो व नेस्टर यांनी अंतिम फेरीत मार्क वुडफर्ड व टॉड वुडब्रिज या यजमान जोडीला नमविले. पेस-भूपती यांना त्याच स्पर्धेत याच ऑस्ट्रेलियन जोडीने बाहेर काढले होते, हे आपल्याकडे अनेकांना आठवत असेल. भारत व कॅनडा यांच्या टेनिसचे हे साम्य पुढेही दिसते. २०१७ मध्ये फ्रेंच स्पर्धेची मिश्र दुहेरी रोहन बोपण्णाने जिंकली ती कॅनडाच्या गॅब्रिएला डाब्रोव्स्कीच्या साथीने.

मिचिबाता नसते तर हे घडले नसते, असा दावा करता येणार नाही. इतिहासात कार्यकारणभाव इतक्या सहज सिद्ध होत नाही. क्रम मात्र स्पष्ट आहे : एक जोडी अंतिम फेरीपर्यंत जाते, तिच्यातील एक जण अव्वल होतो, त्यांच्या संघातील पोरसवदा मुलगा पुढे सर्वांना मागे टाकतो. कॅनडाने २०२२ मध्ये मालागा येथे डेव्हिस चषक प्रथमच जिंकला, तेव्हाही उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीविरुद्ध व उपांत्य फेरीत इटलीविरुद्ध निर्णायक गुण दुहेरीनेच दिला. यशाचे श्रेय, नेहमीप्रमाणे, एकेरीच्या खेळाडूंना अधिक मिळाले.

प्रिन्स्टन

२००० मध्ये मिचिबाता प्रिन्स्टन विद्यापीठाच्या पुरुष संघाचे प्रमुख प्रशिक्षक झाले. हा निर्णय वरवर पाहता सुखासीन वाटेल. वस्तुस्थिती निराळी होती. प्रिन्स्टन हे आयव्ही लीग या आठ विद्यापीठांच्या गटात मोडते आणि या गटात खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. अन्य मोठ्या विद्यापीठांना पुरुष टेनिससाठी तेव्हा साडेचार शिष्यवृत्त्यांची मुभा होती. जो मुलगा दुसरीकडे शुल्काविना शिकू शकत होता, त्याला प्रिन्स्टनला आणावयाचे तर केवळ अभ्यासाची कीर्ती व प्रशिक्षकाची ख्याती यांवरच विसंबून राहावे लागे. शिवाय प्रवेशाची गुणवत्ता आधी, मनगट नंतर!

दुसरीकडे, विद्यापीठीय टेनिसची रचनाच अशी होती की दुहेरीच्या जाणकाराला तीत मोल होते. प्रत्येक लढतीत प्रथम दुहेरीचे तीन सामने होत. त्यांपैकी दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एकच गुण. त्यानंतर एकेरीचे सहा सामने, प्रत्येकी एक गुण. सातांपैकी चार गुण मिळविणारा संघ विजयी. गणित पाहिले तर दुहेरीचा वाटा एक सप्तमांश भरतो. व्यवहारात तो अधिक असतो. दुहेरीचा गुण हाती असलेल्या संघाला सहांपैकी तीनच एकेरी जिंकाव्या लागतात, दुसऱ्याला चार. शिष्यवृत्तीवरील खेळाडूंशी एकेरीत बरोबरी करणे ज्या संघाला कठीण, त्याने प्रथम कोठे लक्ष द्यावे हे सांगावयास नको. जाळ्याकडे धावणे, खुणा, पायाशी टाकलेला परतीचा फटका या गोष्टी शिकवून येतात. ताशी दोनशे किलोमीटरची सर्व्हिस शिकवून येत नाही.

याच वर्षांत व्यावसायिक दुहेरीवर संकट आले होते. २००५ मध्ये पुरुष टेनिसच्या संघटनेने दुहेरीचे सामने आखूड करण्याचे व केवळ दुहेरी खेळणाऱ्यांच्या प्रवेशावर मर्यादा घालण्याचे घाटले, तेव्हा दुहेरीच्या खेळाडूंना न्यायालयात जावे लागले. तडजोड झाली, पण तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक कायम राहिला. मिचिबाता-कॉनेल मेलबर्नला चार सेट खेळले होते. तसे दीर्घ सामने नेहमीच्या दौऱ्यावर इतिहासजमा झाले. ज्या कलेवर मिचिबाता यांनी उपजीविका केली ती शिकण्याची जागा व्यावसायिक दौऱ्यावर आक्रसत गेली आणि विद्यापीठाच्या कोर्टावर टिकून राहिली. तेथे प्रत्येक लढतीचा प्रारंभच दुहेरीने होत होता.

मिचिबाता बारा वर्षे त्या पदावर राहिले. पदवी घेऊन बाहेर पडणारे बहुतेक विद्यार्थी टेनिस सोडून बँका, रुग्णालये, न्यायालये यांच्या वाटेला लागत, हे या गटातील प्रशिक्षकाने गृहीतच धरलेले असते. २०१२ मध्ये त्यांनी पद सोडले आणि बिली पेट यांच्याकडे संघाची सूत्रे गेली.